वर्ध्याच्या उन्हात ‘वॉर्म यलो’

मागच्या एप्रिलमध्ये आईबाबांचं घर रंगवायचं म्हणून मी पुण्याहून वर्ध्याला आलो. रंगाच्या दुकानात पोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते आणि फोन ४४ अंश दाखवत होता. आईनं डोक्यावरचा दुपट्टा सोडला, त्यानंच तोंड पुसलं आणि पंख्याखालचं स्टूल बघून बसली. काउंटरवरच्या मुलानं टॅबलेट पुढे सरकवला. पडद्यावर एक हॉल होता. बोट लावलं की त्याची भिंत रंग बदलायची. मुलगा म्हणाला, ‘काकू, हा वॉर्म यलो घ्या. घराला ऊब येते.’

‘आनखी ऊब?’ आई म्हणाली.

मी हसलो. मुलगा हसला नाही. त्याला कुणीतरी शिकवलेलं वाक्य तो म्हणत होता आणि ते वर्ध्यात, एप्रिलमध्ये, साडेबारा वाजता कसं ऐकू येतं याचा विचार त्यानं केलेला नव्हता. खरं सांगायचं तर मीही केला नव्हता. त्याआधीचे दोन आठवडे मी फोनवर हेच वाचत, बघत होतो. पिवळ्या भिंतींचे रील्स, पिनटरेस्टवरचे बोर्ड, ‘तुमच्या घराला उबदार स्पर्श द्या’ छापाचे मराठीत आणलेले लेख. हे सगळं लिखाण एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचलं पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतंय. रोज लाखो लोक ते वाचतात, त्यावर पैसे खर्च करतात, आणि कुणी त्याचं परीक्षण करत नाही. कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघाल्या तरी त्यावर चार परीक्षणं येतात. इथं प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीवर जाणारा मजकूर आहे.

तर या प्रकाराची काही लक्षणं. एक, चित्रात माणूस नसतो. असला तर एकटा असतो, त्याच्या हातात मग असतो आणि तो खिडकीबाहेर बघत असतो. दोन, सोफ्यावर लोकरीची शाल टाकलेली असते. तीन, छताला पंखा नसतो. स्विचबोर्ड नसतो, कूलर नसतो, कूलरसाठी अर्धी काढलेली खिडकी नसते, कालनिर्णय नसतं, खिळा नसतो. भिंतीला कुणी पाठ टेकून बसलेलं नसतं, त्यामुळे डोक्याच्या तेलाचा डाग नसतो. वर्ध्यातल्या कुठल्याही घरात भिंतीचा पहिला संबंध येतो तो या गोष्टींशी. ज्या भिंतीला खिळा नाही ती भिंत अजून आपली झालेली नाही, ती बिल्डरची आहे.

पण माझा मुख्य आक्षेप चित्रांवर नाही. तो ‘उबदार’ या विशेषणावर आहे.

रंग उबदार किंवा थंड असतात हे आपण शाळेच्या चित्रकलेच्या तासाला पाठ केलेलं असतं. लाल, नारिंगी, पिवळा उष्ण. निळा, हिरवा शीत. ‘उष्ण’ शब्दात निदान प्रामाणिकपणा आहे. उष्ण चांगलंही असू शकतं, वाईटही. ‘उबदार’ मात्र कायम चांगलंच असतं. ऊब म्हणजे हवीहवीशी उष्णता. गोधडीची, आईच्या कुशीची, शेकोटीची. बाहेर थंडी असेल तरच तिला अर्थ आहे. जर्मन कवी गोएथेनं १८१० साली रंगांवर एक भलाथोरला ग्रंथ लिहिला. पिवळा डोळ्याला ऊब देतो हे पटवताना तो सांगतो, की हिवाळ्यातल्या करड्या दिवशी पिवळ्या काचेतून बाहेर बघा. काय सुरेख अट आहे बघा: हिवाळा, करडा दिवस, काच. गोएथेला तो कुठे उभा आहे हे नीट माहीत होतं. पुढच्या दोनशे वर्षांत रंग विकणाऱ्यांनी त्याची अट गाळली आणि ऊब तेवढी ठेवली. ती ऊब जहाजातून, मग कॅटलॉगमधून, मग ॲपमधून वर्ध्यात पोचली. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जाणं ही बातमीही राहिलेली नाही.

पिवळ्या घराचं नाव काढलं की हमखास निघणारं दुसरं नाव व्हॅन गॉगचं. मे १८८८ मध्ये त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल गावी प्लास लामार्तीन चौकातलं २ नंबरचं घर भाड्यानं घेतलं आणि त्याचं प्रसिद्ध चित्र काढलं. सजावटीच्या लेखांमध्ये हे चित्र पिवळ्या हॉलच्या समर्थनार्थ वापरतात. गंमत अशी, की त्यानं बहिणीला लिहिलेल्या पत्रात घराचं वर्णन आहे: बाहेरून ताज्या लोण्याच्या पिवळ्या रंगाचं आणि आतून चुन्याची पांढरी सफेदी. म्हणजे पिवळा होता तो रस्त्यावरून दिसण्यासाठी. आत राहायला पांढरा. आर्लचं ऊनही कडक असतं. उन्हाच्या गावात माणूस शहाण्यासारखंच वागला होता. (१८८८ साली त्यानं जे काही केलं त्यातली शहाण्यासारखी म्हणता येईल अशी ही एक गोष्ट, असं एखादा म्हणेल.)

आता माझ्या धंद्याची एक गोष्ट. मी ज्या टीममध्ये आहे ती ॲपचे पडदे बनवते, त्यामुळे रंग म्हणजे माझ्यासाठी सहा अक्षरांचा कोड. तुम्ही हे बहुधा फोनवर वाचत असाल. त्या फोनमध्ये पिवळा रंग नाही. लाल ठिपका आणि हिरवा ठिपका शेजारीशेजारी पेटतात आणि डोळा त्यांना पिवळा म्हणतो. भिंतीवरचा पिवळा नेमका उलट्या वाटेनं येतो. भिंत निळा प्रकाश गिळते आणि उरलेला परत पाठवते. म्हणून टॅबलेटवरचा पिवळा हा स्वतः दिवा असतो आणि भिंतीवरचा पिवळा समोरच्या दिव्यावर जगतो. आमच्याकडे समोरचा दिवा म्हणजे ट्यूबलाइट. दुकानात ‘वॉर्म’ म्हणून मिळणारा बल्ब साधारण २७०० केल्विनचा असतो, आपली पांढरी ट्यूब ६५०० च्या आसपास. त्या पांढऱ्या-निळसर उजेडात रीलमधला मधासारखा पिवळा आजारी दिसतो, कधी कधी हिरवटसुद्धा. आणि हे केल्विनचं प्रकरण तर भलतंच विनोदी आहे. तापलेली वस्तू जितकी जास्त तापते तितका तिचा उजेड पिवळ्याकडून निळ्याकडे जातो. भौतिकशास्त्राच्या हिशेबानं २७०० चा ‘उबदार’ बल्ब थंड आहे आणि ६५०० ची ‘कूल डेलाइट’ ट्यूब गरम. ऊब इथंही शब्दातच आहे.

दुकानात हे सगळं मी आईला सांगायला लागलो. तिनं ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाली, ‘पिवळाच पाहिजे मले. पण असा नाही. पिवडीसारखा दाखव.’

मुलाला पिवडी माहीत नव्हती. त्याच्या मालकाला होती. पन्नाशीचा माणूस, आतून उठून बाहेर आला. ‘पिवडी आता कोण ठेवते वहिनी,’ म्हणाला.

पिवडी म्हणजे चुन्यात कालवायची पिवळी भुकटी. मूळ वस्तू एक पिवळी माती. कळीचा चुना पिंपात विझवायचा, गाळायचा, त्यात डिंक किंवा सरस घालायचा, म्हणजे भिंतीला टेकलं तर पाठ पांढरी होत नाही, आणि मग मूठ-मूठ पिवडी टाकत ढवळायचं. ओला असताना रंग गडद दिसतो, वाळला की दोन पायऱ्या फिका होतो. त्यामुळे अंदाज चुकायचाच. प्रत्येक घराची पिवडी वेगळी, आणि त्याच घराची दर दिवाळीला वेगळी. शेड कार्ड नव्हतं. गेल्या वर्षीची भिंत हेच शेड कार्ड.

या पिवळ्या मातीत जे खनिज असतं त्याचं नाव गोएथाइट. होय, त्याच गोएथेच्या नावावरून. हा कवी खनिजंही जमवायचा, म्हणून त्याच्या हयातीतच खनिजाला त्याचं नाव मिळालं. म्हणजे आमच्या आजोळच्या भिंतीवर गोएथे होताच, फक्त त्याची उबेची थिअरी नव्हती. ही माती भाजली की लाल होते, गेरूसारखी. आणि चुन्यात ती टिकते, हे तिचं मोठेपण. चुना फार तिखट, बरेच रंग तो मारून टाकतो. युरोपातला एकोणिसाव्या शतकातला लाडका क्रोम यलो चुन्याशी गाठ पडली की नारिंगीकडे झुकतो. शिवाय त्यात शिसं. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको हा नियम लागू झाला तो थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्याआधीच्या चकचकीत पिवळ्या ऑइल पेंटबद्दल, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या बालवाडीच्या दारांबद्दल, फार विचार न केलेला बरा.

चुन्यात न टिकणारा दुसरा पिवळा आमच्या जिल्ह्याचा अभिमान आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गावालाच वायगाव हळद्या म्हणतात, देवळीकडच्या वायगाव निपाणीशी घोटाळा नको म्हणून. इतका गडद पिवळा दारात पिकत असताना कुणी त्यानं भिंती का रंगवल्या नाहीत? लहानपणी मला हा प्रश्न पडायचा. उत्तर देवघरात आहे. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. आणि नुसती लावली तर ऊन तिला काही दिवसांत खाऊन टाकतं. हळद अंगाला लावायची, उंबऱ्याला लावायची, उतरून जाऊ द्यायची. भिंतीचा पिवळा वेगळा आणि अंगाचा पिवळा वेगळा हे इथल्या बायकांना रसायनशास्त्र न शिकता ठाऊक होतं. मराठी सजावट-लेखांमध्ये पिवळ्याचं ‘आपल्या संस्कृतीतलं स्थान’ सांगताना हळद, भंडारा, झेंडू, पितांबर अशी सरसकट माळ ओवलेली असते. त्या माळेतला एकही पिवळा राहत्या घराच्या भिंतीवर कधी नव्हता. जो होता, त्या पिवडीचं नावही या लेखांत मी वाचलेलं नाही. कारण ती स्वस्त होती. या महाराष्ट्रात गरिबीचा अधिकृत रंगही पिवळाच आहे, रेशन कार्ड आठवा.

इंग्लंडच्या फॅरो अँड बॉल या महागड्या रंगकंपनीकडे ‘इंडिया यलो’ नावाची छटा मिळते, क्रमांक ६६. नाव एका जुन्या भारतीय रंगद्रव्यावरून घेतलंय, पियुरी. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवलं, की बिहारमधल्या मुंगेरजवळ गवळी गाईंना नुसती आंब्याची पानं खायला घालून त्यांच्या मूत्रापासून ती बनवतात. पियुरी आणि पिवडी ऐकायला बहिणी वाटतात, पण चुन्यातली आपली पिवडी म्हणजे साधी माती. पियुरीची गोष्ट विकली जाते कारण तीत गाय आहे, आंबा आहे, थोडी किळस आहे. मातीची गोष्ट काय सांगणार?

मातीची गोष्ट सांगणारा एक लेख मात्र आहे, आणि तो आमच्या घरापासून आठ किलोमीटरवर जन्मला.

एप्रिल १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा गोंधळ व्हायला लागला म्हणून १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथली बापू कुटी मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधवून घेतलेली. माती, लाकूड, बांबू, कवेलू. भिंतीवर तिनं मातीतच उठाव देऊन झाडं, चरखा, ॐ काढले आहेत. वर्ध्याचं पोर शाळेच्या सहलीतून दर दोन वर्षांनी तिथं जातंच, त्यामुळे आम्हाला ती दिसत नाहीशी झालेली असते. जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत एका परिषदेच्या उद्घाटनाला सेवाग्रामात आला होता. सकाळी तो कुटीत बसला आणि मग भाषणात त्या बसण्याबद्दल बोलला. ‘बापूंच्या कुटीचा संदेश’ या अर्थाच्या नावानं ते भाषण पुढे जगभर वाचलं गेलं. चार-पाच पानांचं आहे, शोधून वाचा.

इलिच कुटीतल्या सात जागा मोजतो. पादत्राणं काढून मन तयार करण्याची पहिली जागा, मग मधली खोली, असं करत. तो म्हणतो, हे यंत्रानं नाही, माणसाच्या हातांनी बांधलंय. मग तो निवारा आणि घर यांत फरक करतो. बहुतेक लोक ज्याला घर म्हणतात ती सामानाची सोय असते, माणसाची नव्हे. दिल्लीत त्याला उतरवलं होतं ती सिमेंट-विटांची इमारत त्याला पेटीसारखी वाटली. सजावटीवर इतकं मुळावर घाव घालणारं लिखाण मी दुसरं वाचलेलं नाही. रंग कोणता लावू, हा प्रश्नच त्याच्यापुढे विरघळतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला मी ते पहिल्यांदा वाचलं आणि माझ्यावर जो परिणाम व्हायचा तो झाला. गेल्या एप्रिलमध्येही माझ्या डोक्यात तेच होतं. आईबाबांच्या हॉलला पिवळा प्लास्टिक पेंट नको, मातीचा किंवा चुन्याचा गिलावा करू, असं मी आधी म्हणत होतो. आणि हा आग्रह इलिचचा किती आणि रील्सचा किती, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. कारण दरम्यान ‘मड फिनिश’ही फॅशनमध्ये आलंय. पुण्यात एका कॅफेच्या भिंतीला मुद्दाम मातीचा रंग आणि हाताचे फराटे आहेत. तिथली कॉफी आमच्याकडच्या दिवसभराच्या मजुरीच्या जवळ जाते.

आईनं प्रस्ताव ऐकला आणि जे म्हणाली ते इलिचवरचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं परीक्षण आहे. ‘तुले ते भिंतीवर दिसते. आमच्या नखात राहे ते.’

तिचं माहेर समुद्रपूरकडचं. आपल्याकडे जमिनीला काळी आणि पांढरी म्हणतात. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. काळ्या मातीची भिंत टिकत नाही, पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून भिंतीला पांढरी माती लागे, ती गढीच्या उतारावरून आणायची. बैलगाडी असली तर गाडीनं, नाहीतर टोपल्यात, डोक्यावर. पोळ्याच्या आधी आणि दिवाळीच्या आधी भिंती पोतारायच्या. पावसाळ्यात खालचा हातभर भाग उडणाऱ्या पाण्यानं निघून जायचा, तो पुन्हा. जमीन दर आठ-पंधरा दिवसांनी शेणानं सारवायची. हे सगळं आजी आणि तिच्या तीन मुली करत. मामा कधी करत नसत. मातीचं घर बांधून संपत नाही, ते दर वर्षी थोडं थोडं पुन्हा बांधावं लागतं. इलिच म्हणतो माणसाचे हात. ते हात बांधून झाल्यावर कुठे जातात, हे तो विचारत नाही. तो सकाळी बसला होता आणि ती सकाळ जानेवारीतली होती. जानेवारीत वर्धा फार छान असतं.

हे लिहिताना मला इलिचला मोडीत काढायचं नाही. मे महिन्यात बापू कुटीत पाऊल टाकलं की आपलं सिमेंटचं घर काय आहे ते पाठीवर कळतं. जाड मातीची भिंत, उतरतं छप्पर, खोल सावली. तिथं थंडावा रंगातून येत नाही, भिंतीच्या जाडीतून येतो. सहा इंची विटेच्या भिंतीवर आणि वर तापणाऱ्या स्लॅबखाली कुठलाही पिवळा लावा, खोली तेवढीच तापणार. वर्ध्यातच दत्तपूरला १९७६ पासून सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस ही संस्था मातीच्या बांधकामात, कुंभारानं चाकावर केलेल्या शंकूच्या टाइलचं छत घालण्यात, म्हणजे सारवण कमी आणि थंडावा तोच, अशा गोष्टींत डोकं घालून बसली आहे. इलिचच्या भाषणात जी फट आहे ती तिथं काम करणाऱ्यांना दिसलेली आहे, असं मला वाटतं. पण आमचं घर १९९६ चं, स्लॅबचं. ते पाडून शंकूचं छत घालायला मी आलेलो नव्हतो. मी भिंत रंगवायला आलो होतो.

मग आईला पिवळा का हवा होता? मी तिला हे दुकानात विचारलं नाही, घरी आल्यावर विचारलं. तिच्या माहेरची छपरी पिवडीची होती. आतल्या खोल्या नुसत्या मातीच्या. चुना आणि पिवडी विकत आणावी लागे, म्हणून ती फक्त समोर. ज्या वर्षी कापूस बरा झाला त्या वर्षी आजोबांनी छपरीला पिवडी मारली, आणि त्या वर्षी त्या भिंती बायकांना पोताराव्या लागल्या नाहीत. एवढंच. पिवळा म्हणजे ज्या भिंतीवर या वर्षी हात मारायचा नाही ती भिंत. ऊब वगैरे काही नाही. तिच्या पिवळ्याचा अर्थ विश्रांती असा होता.

दुकानातला टॅबलेट हे सांगू शकत नाही, यात त्याची चूक नाही. पण रंगांच्या नावांची जी भाषा आपण वापरतो ती सगळी बघणाऱ्याची आहे. मध, लोणी, वाळवंट, पहाट. भिंत करणाऱ्याची, पुसणाऱ्याची, तिच्यासमोर दिवसाचे चौदा तास काढणाऱ्याची भाषा तिच्यात नाही. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेची १८९२ ची कथा आहे, ‘द यलो वॉलपेपर’. आजारी म्हणून खोलीत ठेवलेल्या बाईला समोरचा पिवळा कागद हळूहळू गिळतो. ती मानसिक छळाची कथा म्हणून वाचली जाते, ते बरोबरच आहे. मला ती वाचताना दरवेळी एक फार साधी गोष्ट जाणवते: भिंतीचा रंग त्या बाईला कुणी विचारलेला नसतो. आमच्या घराचा याआधीचा रंग मोतिया होता. तो २०११ मध्ये बाबांनी ठरवला होता, पेंटरकडे उरलेला होता म्हणून.

शेवटी दुकानाच्या मालकानं स्वतः डोकं लावलं. आईनं सोबत एक वस्तू आणली होती, मला न सांगता. माहेरचं घर पडलं तेव्हा उचलून ठेवलेला गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा, कागदात गुंडाळलेला. वरचा पिवळा थर काही ठिकाणी उडालेला, खाली माती, मातीत गव्हाच्या कोंड्याची एक काडी. माझ्या डोळ्यांपुढे लगेच स्कॅनर, कलर मॅचिंग वगैरे आलं. मालकानं तुकडा दुकानाबाहेर नेला, उन्हात धरला, मग सावलीत धरला, आणि शेड कार्डातल्या एका पट्टीवर बोट ठेवलं. मी म्हणालो, जरा गडद घेऊ, तुकडा जुना आहे, फिका पडला असेल. तो म्हणाला, ‘उलटं. दोन घर फिका घ्या. चार भिंतींवर चढला का रंग बोलतो.’

हे मला माहीत असायला हवं होतं. पिवळ्या भिंतीवरून परतलेला उजेड समोरच्या पिवळ्या भिंतीवर पडतो, तिथून पुन्हा इकडे, आणि प्रत्येक फेरीत थोडा निळा गळतो. म्हणून पट्टीवर सौम्य दिसणारा पिवळा खोलीत ओरडतो. टॅबलेटमधलं चित्र हा हिशेब करत नाही, ते भिंतीच्या जागेवर एक कोड भरतं आणि मोकळं होतं. माझ्या हाताखालचा कोणी असं करून आला असता तर मी परत पाठवलं असतं.

मग जे झालं तेही सांगतो, कारण परीक्षणात फक्त दुसऱ्यांच्या चुका सांगायच्या हे बरं नाही. मी आईला न विचारता ‘दोन घर’ऐवजी एकच घर फिका घेतला. मला तो जास्त ‘पिवडीसारखा’ वाटला. पेंटरनं जुना मोतिया घासला, पुट्टी भरली, प्रायमर मारला, दोन हात दिले. तीन दिवस. चौथ्या दिवशी दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं आणि हॉल आमरसाच्या पातेल्यासारखा दिसायला लागला. बाबा पेपर घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसले. आई काही बोलली नाही. संध्याकाळी ट्यूब लावली तर तोच रंग जरा हिरवट, थकलेला. मी दोन पिवळे बल्ब आणून लावले. आईनं गव्हातले खडे वेचायला घेतले आणि पाच मिनिटांत ट्यूब पुन्हा लावली. ‘दिसत नाही मले.’

पाचव्या दिवशी मी दुकानात जाऊन दोन घर फिका असलेला डबा आणला. पैसे माझे, पेंटरची आणखी दोन दिवसांची मजुरी माझी, आणि माझ्या मॅनेजरला मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. पेंटरला मी समजावायला लागलो, की परावर्तनामुळे असं असं होतं. तो म्हणाला, ‘मी बोललो असतो सर, पण डबा तुम्ही आणला होता.’

नवा रंग फार काही दिसत नाही. फोटो काढला तर पांढराच येतो, फोन आपोआप पिवळेपणा काढून टाकतो. रीलसाठी तो निरुपयोगी आहे. सकाळी तो जवळजवळ नसतोच. दुपारी खिडकीवर ओला पडदा असला की भिंत त्या तुकड्यासारखी दिसते, वाळलेल्या चुन्यासारखी, मागे कुठेतरी माती असल्यासारखी. ट्यूबखाली बरा दिसतो. त्याला वॉर्म म्हणता येणार नाही. मी दुकानाच्या साइटवर त्याची छटा शोधली, तर तिथं तो ‘ऑफ-व्हाइट’ या सदरात आहे.

परवा फोनवर आई सांगत होती, कूलरच्या बाजूला हात लागून लागून काळं झालं होतं, ओल्या फडक्यानं पुसलं, निघालं. डब्यावरचा छटेचा नंबर तिनं कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेननं लिहून ठेवलाय. वर्ष संपल्यावर ते पान फाडून ठेवायचं, असंही बाबांना सांगून ठेवलंय. आणि त्या तुकड्याला, जो मी पुण्याला नेतो म्हणालो होतो, तिनं परत कागदात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलं. ‘तिथं कायले नेतं,’ म्हणाली, ‘तुमच्या तिकडे दमटं राहते. भुगा होईन त्याचा.’